भाताच्या खळीचा फुगा

मे महिना लागला की आमच्या शाळेच्या पटांगणात एक वास येतो. तेंदूपत्त्याची पोती भरलेला ट्रक रस्त्याने गेला की तो मागे रेंगाळतो. थोडा कडवट, थोडा चहाच्या चोथ्यासारखा, आणि बराचसा नुसत्या उन्हाचा. ट्रक गोंदियाकडच्या गोरेगावच्या वळणावर दिसेनासा होतो, धूळ खाली बसते, पण वास काही जात नाही. तो व्हरांड्यात येतो, फळ्याजवळ उभा राहतो, आणि मला बारा वर्षांची करून टाकतो.

यंदाही मागच्या आठवड्यात असा एक ट्रक गेला, तेव्हा मी उन्हाळी शिबिराचं वेळापत्रक पाहत होते. आमच्याकडे नव्याने आलेल्या मास्तरांनी ते मोठ्या हौसेने तयार केलं होतं. सकाळी सात ते दहा, आधी विज्ञानाचे प्रयोग, मग चित्रकला. मी ते खोडलं आणि दुपारी तीन ते सहा असं लिहिलं. मास्तर चकित झाले. ते नागपूरचे, म्हणजे ऊन त्यांना नवं नाही. पण मे महिन्यात दुपारी तीनला पोरांना बोलवायचं म्हणजे हे शिबिर आहे की शिक्षा, असं त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, सकाळी बोलावून बघा, तुम्ही आणि मीच बसून एकमेकांना कागदाचे पक्षी शिकवू.

हे शहाणपण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेलं नाही. ते मला सातवीत जाण्याआधीच्या उन्हाळ्यात मिळालं, आमच्या गावातल्या पहिल्या शिबिरात.

आमचं गाव जंगलाच्या अंगाला. एका बाजूला धानाच्या बांध्या, मधे तलावाची पाळ, आणि पाळीच्या पलीकडे जंगल सुरू. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायला पटले सर होते. ते घरी पोवारी बोलत, वर्गात मराठी, आणि खूश झाले की गोंदियाच्या बाजारातली हिंदी. सरांना खूश करणं सोपं होतं. एखाद्या पोराने प्रश्न विचारला की झालं. उत्तर चुकलं तरी चालायचं, प्रश्न खरा पाहिजे. शाळेत भिंगं नव्हती तेव्हा ते बल्बमध्ये पाणी भरून मुंगीचे पाय दाखवत. अशा माणसाला कोणीतरी सांगितलं की पुण्याकडची एक मुलगी खेड्यापाड्यांत मुलांसाठी उन्हाळी शिबिरं घेते. सरांनी तिला पत्र टाकलं, आणि ती खरोखरच आली.

तिचं नाव मुग्धाताई. दोन पेट्या घेऊन ती एस.टी.तून उतरली. पेट्यांत कात्र्या, रंग, भिंगं, लोहचुंबकं आणि पतंगी कागदाच्या घड्याच घड्या. आम्ही पेट्या शाळेपर्यंत वाहून नेल्या आणि वाटेत दोनदा उघडून पाहिल्या. ताई हसली, रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शिबिर सुरू होईल, असं तिने सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसांनी सांगितलेल्या वेळेला हरकत घ्यायची असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातला शाळेत आले ते पटले सर, मुग्धाताई, दोन बकऱ्या आणि चड्डी न घातलेलं एक लहान पोरगं. तेही बकऱ्यांच्या मागे आलं होतं. ताई दहापर्यंत वाट पाहत बसली. सरांचा चेहरा इतका उतरला होता म्हणे, की तिनेच त्यांना पाणी आणून दिलं.

झालं असं होतं की गाव गावात नव्हतंच. पत्त्याचे दिवस होते. तेंदूचं पान कोवळं असतं तेवढेच काही दिवस ते तोडायचं असतं, नंतर ते निबर होतं आणि बिडीच्या कामाचं राहत नाही. म्हणून उजाडायच्या आत अख्खं गाव जंगलात जातं, पान तोडता येणारे हात तेवढे सगळे. आम्हीही जायचो. आईच्या पाठोपाठ, अर्धवट झोपेत, डोक्याला फडकं बांधून. ऊन चढलं की पानांची गाठोडी घेऊन परत. मग घरात, अंगणात, जिथे सावली असेल तिथे बसून पुडे बांधायचे. पान पानावर ठेवायचं, देठ एकीकडे, आणि पळसाच्या मुळीच्या वाकाने गच्च आवळायचं. लहान बोटांना हे काम चांगलं जमतं, त्यामुळे त्या दिवसांत आमचा भाव वधारलेला असे. एरवी पाठीत धपाटे घालणारी आई पत्त्याच्या दिवसांत पाण्याला विचारायची.

पटले सर इथलेच, त्यांना हे ठाऊक नसेल असं कसं होईल? पण शिबिर म्हणजे सकाळी, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, आणि पुस्तकापुढे त्यांना आपलं गाव आठवलं नाही. तो दिवस मावळायच्या आत त्यांनी घरोघर जाऊन नवीन वेळ सांगितली. दुपारी तीन. पुडे बांधून झाल्यावर. डोक्यावर ओलं फडकं घेऊन यायचं, आणि येताना ज्याने त्याने आपापला गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, आणायचा.

मग काय, शाळा भरून गेली. बोटं पानांच्या चिकाने काळी पडलेली, नखांत साल अडकलेली, अशी आमची फौज. मुग्धाताईने पहिल्या दिवशी हात धुवायला साबण ठेवला. तो चीक साबणाने जात नाही हे तिला कळायला दोन दिवस लागले, आणि तोपर्यंत साबण संपला होता.

त्या दुपारी अजूनही माझ्या अंगावर आहेत. पत्र्यावर चिंचेच्या वाळक्या शेंगा टपटप पडायच्या. तलावाच्या मातीचे आम्ही बैल केले, सारस केले, एकाने एस.टी. केली आणि तिला स्टेपनीही लावली. होळीसाठी वाळवून ठेवलेली पळसाची फुलं कोणाच्या तरी घरून आली, ती उकळून रंग केला, आणि त्या रंगाने आम्ही शाळेची मागची भिंत रंगवली. भिंतीवर वाघ काढायचा की हेडमास्तर, यावर मतं पडली. वाघ निवडून आला. मोठं झाल्यावर मी किती प्रयोगशाळा पाहिल्या, चकचकीत फरशीच्या, काचेच्या कपाटांच्या. पण वस्तूला हात लावायच्या आधी कोणाला विचारावं लागत नाही अशी जागा मला पुन्हा मिळाली नाही.

त्यातली सगळ्यात मोठी गंमत होती अंधाऱ्या खोलीची. रस्त्याकडच्या वर्गाच्या खिडकीला पत्र्याची झडप होती. ताईने सगळ्या फटी पोत्यांनी बुजवल्या, झडपेला खिळ्याने एक भोक पाडलं आणि दार लावून घेतलं. आत काळामिट्ट अंधार, पन्नास पोरांचा घाम, आणि कोणीतरी कोणाला तरी चिमटा काढत होतं. हळूहळू समोरच्या चुन्याच्या भिंतीवर काहीतरी उमटायला लागलं. आधी वाटलं ओल आहे. मग ती ओल हिरवी झाली, हलायला लागली, आणि सुनंदा किंचाळली की हा तर बाहेरचा कडुनिंब, अन् उलटा. आभाळ खाली होतं, रस्ता वर. एक गाय चारी पाय वर करून निवांत चालत गेली.

प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचं खाली आणि खालचं वर दिसतं, हे ताईने समजावून सांगितलं. ते आम्हाला पटलंही. पण आमचं लक्ष भिंतीवर होतं, कारण तेवढ्यात आमच्या आया आल्या.

फळी म्हणजे पत्ता जमा करायचं मैदान. ते शाळेच्या पुढे होतं. दुपारी सगळ्या बाया डोक्यावर पुड्यांची गाठोडी घेऊन शाळेपुढूनच फळीवर जात. त्या भिंतीवर त्या एकामागोमाग एक आल्या, पाय वर, गाठोडी खाली. चेहरे नीट दिसत नव्हते, पण चाल दिसत होती. पोरं ओळखायला लागली. ही माझी, ती तुझी. सुनंदाची आई एका बाजूला झुकून चालायची. माझी आई एक हात गाठोड्याला लावायची आणि दुसरा मोकळा झुलवायची, जसं काही डोक्यावर ओझं नाहीच. ती भिंतीवरून गेली तेव्हा मी उठून उभी राहिले. तिला असं मी कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं पाहण्यासाठी. रोज दुपारी मी त्या खोलीत हट्टाने जायचे आणि तिची वाट पाहायचे.

आणि रोज संध्याकाळी माझ्या मनात तीच एक गोष्ट यायची. मी आईला पाहते. आई माझं काही पाहत नाही.

तिला दाखवलं नाही असं नाही. मातीचा सारस नेला, तर ती म्हणाली ठेव तिकडे, हात भरले आहेत. खोक्याचा छोटा कॅमेरा नेला, तो तिने डोळ्याला लावला आणि डोळ्याला लावलेलाच ठेवून भिंतीला टेकून झोपी गेली. पहाटे तीनला उठणारी बाई ती, बाबा गोंदियाच्या राईस मिलमध्ये, आठवड्याने येणारे. तिची चूक नव्हतीच. मला फक्त एवढंच हवं होतं की एकदा, एकदाच, मी केलेलं काहीतरी तिने जागेपणी पाहावं.

ती संधी फुग्याने दिली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी गरम हवेचा मोठा फुगा उडवायचा, गावकऱ्यांना बोलवायचं, असं ठरलं. लाल आणि पिवळ्या पतंगी कागदाच्या लांब पाकळ्या कापायच्या, कडेला कडा जोडायच्या, की उभ्या माणसाहून मोठा फुगा तयार होतो. ताईने आणलेला डिंक तिसऱ्याच दिवशी संपला होता. मग आमच्याकडे कागद चिकटवायला जे वापरतात तेच वापरायचं ठरलं, भाताची खळ. मी सरांना सांगून आले की खळ माझी आई देईल. घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढून वळलीही नाही.

"भात खाऊन मानूस उडत नाही," ती म्हणाली, "अन् भातानं चिकटवला कागद उडंल काय वो?"

पण तिने भात मऊ शिजवला, वाटला, फडक्यातून गाळला आणि गडव्यात भरून दिला. तिला मस्करी करायची सवय होती, नाही म्हणायची नव्हती.

फुगा तयार झाला आणि रंगीत तालीम ठरली दुपारी चारला. सरांनी डब्यांचे पत्रे जोडून धुराडं केलं होतं, ते चुलीवर उभं केलं, त्यावर फुग्याचं तोंड धरलं. आग खाली, चुलीत. वर जायची ती फक्त हवा. फुगा फुगला, उभा राहिला, सगळ्यांनी श्वास धरला. तो सरांच्या खांद्यापर्यंत गेला आणि सावकाश खाली बसला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वाऱ्याची एक झुळूक आली, तिने त्याला कडुनिंबाच्या फांदीवर ढकललं आणि लाल पाकळीला भलंमोठं भोक पडलं. ताई खाली बसली. ती म्हणाली की पुण्यात हा फुगा नेहमी उडतो, इथेच काय होतंय कळत नाही.

सुनंदा माझी मैत्रीण, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती ओलं फडकं डोक्यावरून सारत म्हणाली, "सर, अंदर बी गरम, बाहेर बी गरम. मंग तो वर कायले जाईल?"

सर तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "क्या बात है, बेटा, क्या बात है." आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ गरम असेल तरच ती हलकी, तरच फुगा वर. आमच्या गावात मे महिन्यात दुपारी चारला बाहेरची हवाच चुलीवरून उतरवल्यासारखी. म्हणजे फुगा उडवायचा तर गारव्यात, पहाटे. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सुनंदाला त्या दिवशी सरांनी खुर्चीवर बसवलं आणि ती अवघडून सारखी उठत होती.

मी टाळ्या वाजवता वाजवता थांबले. पहाटे आई जंगलात असणार होती. सगळ्याच आया असणार होत्या.

भोकाला ठिगळ लावायची जबाबदारी माझ्यावर आली. लाल कागद संपला होता, पिवळाही. घरी आल्यावर मी आईला विचारलं की जयंतीच्या पताका उरल्या आहेत का. एप्रिलातल्या जयंतीला विहारासमोर लावायच्या निळ्या पताका आमच्या वस्तीत घरोघरी कापत, आणि आई त्यात पटाईत. उरलेल्या ती फेकत नसे, ट्रंकेत तळाशी ठेवायची. तिने एक काढून दिली. मला खळ नीट पसरवता येईना, तेव्हा तिनेच पुडा बाजूला ठेवला, बोटाने खळ लावली, पताका भोकावर बसवली आणि कडेने अंगठा फिरवला. निळी पताका लाल पाकळीवर उठून दिसत होती.

तेव्हा मी सांगितलं की फुगा दुपारी उडत नाही, पहाटेच उडतो. आईचा अंगठा थांबला.

"पत्ता कोनासाठी थांबत नाही, पोरी," ती म्हणाली. "तू राहाय शाळेत. तुझ्या वाटचा पत्ता मी तोडीन."

माझ्यासाठी एवढं ती करत होती आणि मला रडू येत होतं. तिने पाहिलं, पण तेव्हा तिचे हात पुन्हा भरले होते.

शेवटच्या दिवशी आम्ही झुंजुमुंजू व्हायच्या आधी तलावाच्या पाळीवर जमलो. आया निघून गेल्या होत्या, त्यांच्या पायांची धूळही बसली होती. हवा खरंच गार होती. तलावावरून ओल्या गवताचा वास येत होता आणि पाणकोंबड्या कुठेतरी भांडत होत्या. जंगलखात्याचे गार्डसाहेब मात्र घामाघूम. जंगलात पान वाळलेलं, एक ठिणगी पडली तर वणवा, आणि हे मास्तर म्हणतात फुगा उडवतो. सरांनी त्यांना चूल दाखवली, शेजारच्या पाण्याच्या बादल्या दाखवल्या, मग त्यांचा हात धरून फुग्याच्या तोंडात घातला. नुसती ऊब. गार्डसाहेबांनी दुसरा हातही घालून पाहिला.

"हवाच जाऊन राहिली ना," ते म्हणाले. "मंग जाऊ द्या बापा."

फुगा फुगला. या वेळी तो बसला नाही. धरलेल्या हातांना त्याची ओढ जाणवायला लागली, आणि सरांनी सोडा म्हटलं तेव्हा आम्ही सोडला असं म्हणण्यापेक्षा त्यानेच स्वतःला सोडवून घेतलं. वर गेला. खांद्याच्या वर, कडुनिंबाच्या वर, शाळेच्या पत्र्याच्या वर. तेवढ्यात उन्हाची पहिली तिरीप आली आणि त्यातला लाल पेटून उठला. पोरं नाचत होती, गार्डसाहेब टोपी काढून उभे होते, सर हिंदीत काहीतरी म्हणत होते आणि ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. शिंपीकाकांकडून आणलेली दोऱ्याची रीळ सुनंदाच्या हातात गरगर फिरत होती. दोऱ्याचं टोक रिळाला बांधावं लागतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. रीळ रिकामी झाली, दोरा हवेत गेला, आणि आमचा फुगा तलाव ओलांडून जंगलाकडे निघाला. सुनंदा रिकाम्या रिळाकडे पाहत होती. मग सरच पहिल्यांदा हसले, आणि त्यांच्यामागून सगळे.

तो झाडांमागे जाईपर्यंत मी पाहत होते. आई तिकडेच कुठेतरी होती. पण जंगल मोठं, झाडी दाट, आणि पत्ता तोडणारी बाई वर कशाला पाहील? ती तर वाकलेली असते.

नंतर प्रदर्शन मांडलं. मातीचे बैल, सारस, स्टेपनीवाली एस.टी. गावात उरलेली म्हातारी माणसं आली, गार्डसाहेब थांबले होतेच. ऊन वर आल्यावर त्यांना अंधारी खोली दाखवायला नेलं, आणि सांगायला मी आत उभी राहिले. भिंतीवर कडुनिंब उमटला, उलटा. प्रकाश सरळ रेषेत जातो, मी सांगत होते. तेवढ्यात बाया जंगलातून परतायला लागल्या. पाय वर, गाठोडी खाली, एक, मग दुसरी, मग दोघीतिघी मिळून. त्यांच्यामागे एक बाई मोकळा हात झुलवत येत होती. तिच्या गाठोड्यावर काहीतरी होतं. पानांसारखं हिरवं नव्हतं ते. लाल होतं, पिवळं होतं, आणि चालीबरोबर हलत होतं. त्या लालात निळा त्रिकोण होता.

मी गार्डसाहेबांना तिथेच अंधारात सोडून पळाले. दार उघडल्यावर भिंतीवरचं सगळं पुसलं गेलं असणार, पण ते मला काय करायचं होतं.

आई रस्त्यावर उभी होती. सुलट. बाकीच्या बाया एकदम बोलत होत्या, की वरून काय आलं म्हणून ही घाबरली, ती पळाली, एकीने तर पदरात तोंड लपवलं. मी आईला विचारलं, तुला दिसला? उडताना दिसला?

"दिसला वो," ती म्हणाली. "सगळ्या पळाल्या, मी उभीच होतो. माझी पताका मले वळखू येनार नाही काय?" आणि मग गाठोडं सावरत, माझ्याकडे न पाहता, "भात उडला."

त्या दिवशी पुडे बांधायला आम्हाला उशीर झाला. आईने ही फुग्याची गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितली.

मी पुढे विज्ञानच शिकले, शिकवायलाही लागले. मुग्धाताईची कार्डं काही वर्षं येत राहिली. पटले सर निवृत्त झाले, भेटले की अजून प्रश्न विचारायला लावतात. आता बिरसीच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमानं आमच्या शाळेवरून दिवसभर घिरट्या घालतात, आणि पोरं मान वर करायचेही कष्ट घेत नाहीत. नव्या मास्तरांना वाटत होतं की या पोरांना कागदाच्या फुग्याचं काय अप्रूप. मी म्हटलं, खळ लावू द्या आधी.

खळ अजून आईच करते. गुडघे गेले, आता ती पत्त्याला जात नाही, माझ्याकडेच असते. काल पहाटे फुगा उडवला, दोऱ्याचं टोक रिळाला दोन गाठी मारून. आई खुर्ची टाकून बसली होती. पोरांनी तिला गोष्ट सांगायला लावली, ती त्यांना पाठ आहे तरी. तिनेही रंगवून सांगितली, आणि शेवटी नेहमीसारखं म्हणाली, "झुडपावर बसला होता. मी हात लावून पाहिला. तवा बी कोमट होता."

एका पोरीने लगेच माझ्याकडे पाहिलं. तिने आदल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं की फुग्यातली हवा थंड होते म्हणूनच तो खाली येतो. "मॅडम," ती म्हणाली, "खाली आल्यावर कोमट कसा असंल?"

प्रश्न खरा होता. पटले सर तिथे असते तर त्यांनी मांडीवर थाप मारली असती. पातळ कागद, पहाटेचा गारवा, एवढं अंतर. हिशेब मला करता येतो, आणि इतकी वर्षं मी तो आईसमोर केलेला नाही. आई माझ्याकडेच पाहत होती, दोन्ही हात मांडीवर, मोकळे.

मी चुलीत आणखी दोन काटक्या सारल्या.

"मी तिथे नव्हते गं," मी म्हटलं. "हिनं हात लावून पाहिला होता."